दुसऱ्याच्या शेतावरचा पाऊस



आपल्या वेदीवर जी फुले असतात ती कोठून येतात, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. वाकडच्या उंच इमारतींच्या मागे, मुळा नदीच्या बाजूला, शेतीचे काही तुकडे अजून शिल्लक आहेत. त्यातला तीस-पस्तीस गुंठ्यांचा एक तुकडा एका शेतकरी कुटुंबाचा आहे. काका सत्तरीच्या घरात आहेत. काकू त्यांच्याबरोबरीने राबतात. मुलगा चाकणच्या कारखान्यात पाळीवर जातो आणि सुटीच्या दिवशी पाणी धरतो. सून पहाटे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधते. हे कुटुंब आपल्या धर्माचे नाही. त्यांचे दैवत गावचा म्हातोबा. पण आपल्या वेदीसाठी फुले देताना काकू खराब फूल कधी पाटीत घालत नाहीत.

२०२५ च्या दसऱ्यानंतर काही दिवसांनी मी फुलांचे पैसे द्यायला त्यांच्या शेतावर गेलो होतो. चहा झाला. काका म्हणाले, "फादर, एक विचारू का? तुम्ही शिकलेले आहात."

"विचारा ना, काका."

"दसऱ्याला झेंडूला भाव चांगला मिळाला. पट्टी हातात आली तेव्हा मी देवाला हात जोडले. पण तो भाव आला कशानं? दुसऱ्याची फुलं पाण्यात कुजली म्हणून. मग मी देवाचे आभार मानले, ते नक्की कशाचे मानले?"

प्रश्न नुसता तात्त्विक नव्हता. काकांची लेक सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात, सीना नदीच्या काठच्या गावात दिलेली आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूर भागात अतिवृष्टी झाली, सीनेला महापूर आला, उभी पिके पाण्याखाली गेली, कित्येक ठिकाणी मातीसुद्धा वाहून गेली. लेकीच्या सासरचा कांदा गेला. काकांचा तुकडा चढावर आहे, चर काढलेले आहेत, म्हणून त्यांचा झेंडू वाचला. काका म्हणाले, "एका फोनवर आडत्या म्हणत होता, माल आणा, भाव तेजीत आहे. त्याच दिवशी दुसऱ्या फोनवर लेक रडत होती. पाऊस एकच, फादर."

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून मी त्यावर विचार करीत आहे, आणि आज तो विचार तुमच्यापुढे ठेवीत आहे.

आधी या घराचे वर्ष कसे जाते ते पाहू; त्याशिवाय प्रश्नाचे वजन कळणार नाही. दसऱ्याच्या झेंडूचा हिशेब उलटा करायचा असतो. रोप लावल्यापासून साधारण दोन महिन्यांनी फूल हाती येते, म्हणून सणाच्या तारखेपासून मागे मोजत जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या सुरुवातीस लागवड करायची. रोपाने जीव धरला की शेंडा खुडायचा, म्हणजे फांद्या फुटतात आणि फुले वाढतात. आठ दिवस चुकले तर फूल सणाच्या पुढे किंवा मागे जाते, आणि दसरा-दिवाळी संपल्यावर झेंडूला कोण विचारतो? गणपतीच्या दिवसांत मांडवावर दोडका आणि खाली गवार, भेंडी असते. थंडी पडू लागली की कोबी, फ्लॉवर, पालक, मेथी. मेथी महिनाभरात निघते, म्हणून तीच घरखर्च चालवते. शेवंतीचे तर वेगळेच. दिवस लहान होऊन रात्र वाढू लागली की तिला कळी धरते. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली जाते. उन्हाच्या तडाख्यात कोथिंबीर नीट उगवत नाही, आणि ज्याची उगवते त्याला दर मिळतो.

शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. ज्याची उगवते त्याला दर मिळतो, कारण इतरांची उगवलेली नसते. छोट्या शेतकऱ्याच्या वर्षात हा नियम प्रत्येक ऋतूला लागू आहे. पालेभाजी आणि फूल साठवता येत नाही. आपल्या घरात एक जुडी लागते. ती स्वस्त झाली म्हणून आपण चार जुड्या खात नाही. त्यामुळे आवक थोडी जरी वाढली तरी भाव धाडकन पडतो, आणि थोडी घटली तरी उसळी मारतो. सगळ्यांचे पीक उत्तम आले की सगळेच बुडतात. म्हणजे ज्या वर्षी निसर्ग सर्वांवर प्रसन्न होतो, त्या वर्षी बाजार सर्वांवर रुसतो. मग शेतकऱ्याने प्रार्थना तरी काय करावी? माझे पीक चांगले येऊ दे, एवढे म्हटले तर त्यात नकळत "माझेच" हा शब्द दडलेला असतो का?

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत. पहिले असे : बाजार हा बाजार आहे, त्यात पाप-पुण्य आणू नये. हे उत्तर काकांना पटले असते तर त्यांनी मला विचारलेच नसते. दुसरे असे : दुसऱ्याच्या दुःखातून आलेला पैसा वाईट, त्याचा आनंद मानू नये. हे ऐकायला धार्मिक वाटते, पण न्यायाचे नाही. काकांनी कोणाच्या शेतात पाणी सोडले नव्हते. दोन महिने वाकून काम केले, भाद्रपदाच्या चिखलात चर मोकळे ठेवले, रात्री दोनला उठून फुले बाजारात पोचवली. त्या कष्टाचा मोबदला हाती आल्यावर मन हलके झाले, त्याला पाप म्हणणारा मी कोण?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचे विवेचन वाचले होते, ते येथे उपयोगी पडते. तेराव्या शतकातील या महान गुरूंनी मत्सराच्या लेकरांमध्ये एक लेकरू सांगितले आहे : शेजाऱ्याच्या संकटात वाटणारा आनंद. म्हणून पाहायचे ते एवढेच की आपला आनंद कशात आहे. स्वतःलाच एक प्रश्न विचारावा. दुसऱ्याचे पीक वाचले असते आणि तरीही मला हाच भाव मिळाला असता, तर मी कमी आनंदी झालो असतो का? काका म्हणतील, उलट जास्त झालो असतो. मग त्यांचा आनंद मोबदल्याचा आहे, नाशाचा नाही. पण कोणी जर बाजारातून परतताना म्हणत असेल, "बरे झाले त्यांची जिरली," तर त्याच्या हातातली पट्टी तीच असली तरी त्याचे मन वेगळे आहे. दोघांचा भाव एक, दोघांचा आनंद एक नाही.

येथे विषय संपला असता, पण एक जुनी गोष्ट तो संपू देत नाही. इसवी सनापूर्वी ४४ साली रोमन विचारवंत सिसेरो यांनी एक प्रश्न मांडला. र्‍होड्स बेटावर दुष्काळ आहे, धान्य महाग आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून गलबतभर धान्य घेऊन पोचतो. मागून आणखी गलबते येत आहेत, हे त्याने वाटेत पाहिले आहे. त्याने ते लोकांना सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? सिसेरोंचे मत होते की त्याने लपवू नये. अशाच प्रश्नावर संत थॉमस सौम्यपणे म्हणतात की चालू भावाने विकण्यात त्याने अन्याय केला असे होत नाही. मात्र त्याने सांगितले किंवा भाव उतरवला, तर तो अधिक सद्गुणी ठरेल. न्याय ही पायाची पायरी आहे, आणि तिच्या वरही पायऱ्या आहेत.

काकांचा प्रश्न त्या वरच्या पायरीवरचा आहे. न्यायाने ते सुटले आहेत, तरी त्यांना झोप लागत नाही. याला मी दोष समजत नाही, ही कृपा समजतो. ज्याला भाव दिसतो आणि भावामागचा माणूसही दिसतो, त्याला थोडी अस्वस्थता राहणारच.

आता आपल्याकडे वळू या, कारण आपल्यापैकी बहुतेकजण विकणारे नाही, घेणारे आहोत. काका आपल्या आनंदाची चौकशी करतात. आपण आपल्या आनंदाची कधी केली आहे का? २०२३ च्या जुलै महिन्यात टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला तेव्हा आपण सगळे बोलत होतो. चाकणच्या पुढे, नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावच्या बाजारात तेव्हा काही शेतकऱ्यांना पैसे झाले, त्याच्या बातम्या आल्या. पण सप्टेंबरात भाव इतका कोसळला की तोडणीची मजुरी आणि कॅरेटचे भाडेही निघेना, आणि लोकांनी माल फेकून दिला. तेव्हा आपण काय म्हणालो? "बरे झाले, स्वस्त झाला." तो शब्द "बरे झाले" हाच होता. शेतकऱ्याच्या तोंडी तो आपल्याला टोचतो, आपल्या तोंडी टोचत नाही.

आणि मी स्वतःला यातून वगळत नाही. काही वर्षांपूर्वी एका सणाला झेंडूचा भाव पडलेला होता. सजावट करणाऱ्या तरुणांनी नेहमीच्या पैशात दुप्पट फुले आणली. मिस्सा संपल्यावर मी वेदीजवळ उभा राहून त्यांचे कौतुक केले की एवढ्या थोड्या खर्चात एवढी सुंदर सजावट झाली. त्या दिवशी कोणाचे तरी दोन महिने पाण्यात गेले होते, हे माझ्या मनातही आले नाही. मी देवाच्या घरात उभा होतो, आणि काका बाजारात. तरी त्यांना जे दिसले ते मला दिसले नाही.

२०२० साल आठवा. गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. मंदिरे बंद, बाजार बंद, लग्ने बंद. काकांनी गुलछडीच्या फुलोऱ्यावर रोटाव्हेटर फिरवला. १२ एप्रिलला ईस्टर आला. चर्चची दारे बंद होती आणि आपण घरात बसून मोबाईलवर मिस्सा पाहिली. वेदीवर फुले नव्हती याचे आपल्याला वाईट वाटले. वेदीला जी फुले मिळाली नाहीत ती मातीत गाडली जात होती. दुसऱ्या शेतकऱ्याच्या नुकसानीतून त्या वेळी कोणालाही फायदा झाला नाही. तेव्हा सगळेच एका नावेत होते हे कळले; एरवीही असतोच, फक्त ते कळत नाही.

हे किती खरे आहे ते काकूंनी मला शेवंतीच्या वाफ्यात दाखवले. वाफा एकच, लागवड एका दिवशीची. पण सोसायटीच्या भिंतीलगतच्या दोन ओळींना कळी उशिरा धरते. मी विचारले, "रोग पडलाय का?" काकू हसल्या. "रोग कसला, फादर? वर दिवा आहे ना, रात्रभर जळतो. शेवंतीला रात्र लागते." त्या दिव्याखाली गाड्या लावणाऱ्या कोणाच्याही मनात वाईट हेतू नाही. त्यांना ठाऊकच नाही. आपला उजेड दुसऱ्याच्या वाफ्यात कोठवर पोचतो, हे आपल्यापैकी कोणालाच पुरते ठाऊक नसते. म्हणून नकळत झालेल्या गोष्टीचे पाप लागत नाही; पण कळल्यानंतर न पाहण्याची सोय आपल्याला राहत नाही.

मग करायचे काय? मोठ्या बाजाराचे गणित आपण बदलू शकत नाही. पण जे हातात आहे ते करता येते. आपल्या फुलांच्या समितीशी बोलून मी असे ठरवले आहे की वेदीच्या फुलांसाठी या कुटुंबाला वर्षभर एकच ठरलेला दर द्यायचा. भाव चढला तर ते वाढवून मागणार नाहीत, भाव पडला तर आपण कमी देणार नाही. ही रक्कम मोठी नाही. पण निदान वेदीच्या फुलांपुरते तरी एका घराचे सुख कोणाच्या नुकसानीवर अवलंबून राहणार नाही, आणि आपलेही राहणार नाही. तुम्हीही मंडईत पहाटेपासून बसलेल्या बाईकडून दहा रुपयांची जुडी आठला मागण्याआधी एक क्षण थांबा. परवडत नसेल तर घेऊ नका, त्यात काही चूक नाही. पण केवळ जिंकण्यासाठी भाव पाडू नका.

पुढच्या भेटीत काकांना मी माझे उत्तर सांगितले : तुम्ही कष्टाच्या फळाचे आभार मानले, त्यात वावगे काही नाही. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले की दसऱ्याच्या पट्टीतले काही पैसे त्यांनी जावयाला रब्बीच्या ज्वारीचे बी घ्यायला दिले. उसने नव्हे, दिलेच. "म्हणजे आता हिशेब फिटला का, फादर?"

मी म्हणालो, "काका, पैसा मळलेला नव्हताच, मग धुणार काय? हिशेब फिटण्याचा प्रश्नच नाही."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ते खरं. पण दिल्यावर झोप लागली."

माझ्या सगळ्या तत्त्वज्ञानापेक्षा ते वाक्य मला अधिक पटले. प्रभू येशूने सांगितले आहे की पिता सर्वांवर सारखाच पाऊस पाडतो. तो पाऊस कोणाच्या शेतात सोने पिकवतो, कोणाची माती नेतो. असे का, हे मला सांगता येत नाही. पण ज्याचे पिकले त्याने ज्याचे वाहून गेले त्याच्याकडे पाहावे, एवढे मात्र आपल्यावर सोपवलेले आहे.

थंडीत शेवंती वेदीवर येईल. भिंतीकडच्या दोन ओळींची फुले थोडी उशिरा येतील. ती दिसली की त्या दिव्याची आठवण ठेवा.

प्रभूठायी आपला,
तुमचा धर्मगुरू