चूक कोणाची, देणे कोणाचे?



मागच्या वर्षी एका रविवारी मिस्सानंतर आपल्यातला एक तरुण रिपोर्टांची पिशवी घेऊन आमच्याकडे आला. चाकणच्या एका कारखान्यात तो ठेकेदाराकडून प्रेस मशीनवर काम करतो. निदान झाले होते क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकाराचे. औषधाविषयी त्याने काहीच विचारले नाही. विचारले ते एवढेच, "फादर, माझ्या हातून काय चूक झाली?" तो दारू पीत नाही, तंबाखू खात नाही. पण नात्यात कोणी म्हणाले होते, नवस फेडायचा राहिला. कोणी म्हणाले, आजोबांनी कोणाची तरी जमीन बुडवली होती.

जन्मांधाला पाहून शिष्यांनाही असाच प्रश्न पडला होता आणि प्रभूने तो प्रश्नच नाकारला होता. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, वैद्यक नव्हे. म्हणून ओळखीच्या एका डॉक्टरबाईंना गाठून हे काय असते ते समजून घेतले. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. हाडातील मगजाच्या एखाद्या पेशीत नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्राचे तुकडे तुटतात व अदलाबदलीने जोडले जातात. त्यामुळे दोन जनुके, एबीएल आणि बीसीआर, एकमेकांना चिकटतात व त्यांच्यापासून एक जोडप्रथिन तयार होते. त्याला डॉक्टर फ्यूजन प्रोटीन म्हणतात. मूळची दोन्ही जनुके आपापल्या जागी उपयोगाचीच. एबीएलचे प्रथिन बटणासारखे असते, गरजेप्रमाणे चालू आणि बंद होणारे. जोडल्यावर मात्र ते चालूच राहते आणि पेशी वाढतच जातात. प्रेसचे बटण दाबलेल्या स्थितीत अडकले तर काय होते, हे त्या तरुणाला आम्ही सांगण्याची गरज पडली नाही.

हे आखूड झालेले गुणसूत्र नोवेल आणि हंगरफर्ड यांना १९६० मध्ये फिलाडेल्फियात दिसले. तुकड्यांची अदलाबदल जेनेट राउली यांनी १९७३ मध्ये ओळखली. हा आजार आईवडिलांकडून येत नाही, मुलांकडे जात नाही, कोणाला लागतही नाही. बहुतेकांच्या बाबतीत कारण सापडतच नाही. चूक कोणाचीच नाही, असे आम्ही त्याला सांगितले आणि आमच्या मते विषय संपला.

तो संपला नव्हता. दुर्दैव वेगळे आणि अन्याय वेगळा. वीज पडून माणूस मेला तर ते दुर्दैव. पण दार उघडून त्याला आत घेता आले असते आणि घेतले नाही तर? १९९० साली या आजाराने कोणी गेला तर हळहळण्यापलीकडे फारसे काही उरत नसे. मग मे २००१ मध्ये अमेरिकेत इमॅटिनिब या गोळीला मान्यता मिळाली. ते जोडप्रथिन जिथून ऊर्जा घेते नेमक्या त्याच खाचेत ही गोळी जाऊन बसते आणि बटण बंद करते. रोज गोळी घेऊन ज्यांना चांगला गुण येतो, त्यांचे आयुष्य आता जवळजवळ इतरांइतकेच असते. आजार आजही कोणाची चूक नाही. गोळी असून ती न मिळणे याला मात्र दुर्दैव म्हणता येत नाही.

हा वाद आपल्या देशाने न्यायालयात लढला आहे. नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिव्हेकचा महिन्याचा खर्च सुमारे १,२०,००० रुपये होता, तर भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा ८ ते १० हजार. पेटंटला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. कंपनीचे म्हणणे होते की पेटंट नसेल तर उद्याचे औषध शोधणार कोण? शिवाय ती हजारो रुग्णांना गोळी मोफत देतही होती. हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पण दान देणारा हात कधीही आखडू शकतो. न्या. आफताब आलम व न्या. रंजना प्रकाश देसाई यांनी १ एप्रिल २०१३ रोजी निकाल दिला. पेटंटची कल्पना त्यांनी नाकारली नाही. जुन्याच औषधाचे नवे रूप अधिक गुणकारी असल्याचे सिद्ध झाले नाही, म्हणून हे पेटंट नाकारले. टोकाची गरज असते तेव्हा वस्तू सर्वांच्या होतात, असा विचार संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मांडला होता. आणि आपल्या पिंपरीत १९५४ साली युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तीही पेनिसिलिन गरिबाच्या आवाक्यात यावे म्हणूनच ना?

प्रश्न मिटलेला नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून आलेल्या नेक्सकार१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यात माणसाने मुद्दाम घडवलेले जोडप्रथिन रुग्णाच्याच पेशींवर बसवून रक्ताच्या काही कर्करोगांशी लढवले जाते. परदेशातल्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त आहे, तरी खर्च लाखांतच जातो.

आता पुन्हा आपल्या तरुणाकडे. पाच महिन्यांत त्याचे रिपोर्ट सुधारले आणि मग त्याने तीन आठवडे गोळीच घेतली नाही. आम्ही चांगलेच रागावलो. नंतर कळले की तपासणीला परळला गेला की हजेरी कापली जाते आणि आजार कळला तर ठेकेदार काढून टाकील अशी त्याला धास्ती होती. गोळ्या संपल्या, पण तो सुट्टी मागायला गेलाच नाही. आमचा राग चुकीच्या माणसावर निघाला होता.

आता तो गोळी पुन्हा नियमित घेतो. ठेकेदाराशी बोलायला कामगार गटातील दोघे आमच्याबरोबर येणार आहेत. पत्नी बाळंतीण असल्याने पुढच्या तारखेला सकाळी चिंचवडहून सिंहगड एक्स्प्रेसने त्याच्यासोबत कोणीतरी जायला हवे. सॅक्रिस्टीत यादी ठेवली आहे. तीवर सध्या एकच नाव आहे.