देऊळ कुणाकडं फिरलं?

औंढा नागनाथ तालुक्यात एका तांड्याला लागून जिल्हा परिषदेची शाळा होती. खोल्या दोन आणि शिक्षकही दोन. थोरले गुरुजी निवृत्तीला आले होते. दुसरे सर नवे होते, जूनमध्येच रुजू झालेले. सर मेहनती होते. घंटेच्या आधी शाळेत यायचे. फळ्यावरचं त्यांचं अक्षर बघत राहावं असं होतं. शिकवण्याबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं. ते म्हणायचे, "आपण सगळ्यांना सारखंच शिकवायचं. ज्याच्या डोक्यात आहे तो घेईल. ज्याच्या डोक्यात काही नाहीच, त्याला ब्रह्मदेव आला तरी शिकवू शकणार नाही."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी चौथीच्या वर्गाची तोंडी परीक्षा घेतली. पटापट उत्तरं दिली त्यांना पुढं बसवलं. अडखळले त्यांना मधे बसवलं. जे बोललेच नाहीत, ते भिंतीशी गेले.

दुपारी सर गुरुजींना हसत म्हणाले, "आता सोपं झालं बघा. पुढं पक्की मडकी, मागं कच्ची."

गुरुजींनी चहाचा कप त्यांच्याकडं सरकवला. बोलले काहीच नाहीत.

मागच्या भिंतीशी तांड्यावरचा एक पोरगा बसायचा. आदल्या दिवाळीनंतर तो आईबापासोबत ऊसतोडीला गेला होता. आईबाप पहाटे फडात उतरायचे. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकट्या बहिणीला सांभाळायला कुणीतरी हवं होतं, म्हणून त्याला नेलं होतं. उन्हाळ्यात कारखाना बंद झाला तेव्हा तो परत आला. वयाप्रमाणं चौथीत बसला, पण अर्धी तिसरी त्याच्या हातून निसटली होती. परीक्षेत सरांनी विचारलं, तेव्हा तो गोरमाटीत, म्हणजे तांड्यावरच्या बोलीत, काहीतरी पुटपुटला. पुढची पोरं फिस्सकन हसली. त्या दिवसापासून त्यानं तोंड उघडलं नव्हतं.

भादव्यात पावसानं उघडीप दिली. रानात सोयाबीन शेंगांनी लगडलं होतं. गुरुजींनी लेकरांची सहल काढली. जायचं होतं औंढ्यालाच, नागनाथाला.

लेकरांनी देऊळ पाहिलं. दगडातले हत्ती पाहिले, मूर्ती पाहिल्या. खालच्या गाभाऱ्यात वाकून, सरकत उतरून आली. मग सगळी आवारात सावलीला बसली. गुरुजींनी विचारलं, "शंकराच्या देवळात नंदी कुठं असतो रे?"

"देवासमोर!" पुढची पोरं ओरडली.

"मग इथं कुठं आहे?"

लेकरं उठून बघायला पळाली. नंदी देवळाच्या पाठीमागं होता. सगळी चकित झाली.

गुरुजींनी गोष्ट सांगितली. "नामदेव महाराज आपल्याच जिल्ह्यातल्या नरसीचे. १२७० सालचा त्यांचा जन्म. एकदा ते इथं देवासमोर कीर्तनाला उभे राहिले. माणसं लोटली. पुजारी चिडले. म्हणाले, इथं वाट अडते, तू देवळाच्या मागं जा. महाराज वाद घालत बसले नाहीत. मागं गेले आणि तिथंच कीर्तन करू लागले. तेव्हा म्हणतात, सगळं देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं. नंदी मात्र होता तिथंच राहिला."

लेकरांनी टाळ्या वाजवल्या. सर एका बाजूला उभे होते. त्यांनी ही गोष्ट लहानपणापासून ऐकली होती. पण त्या दिवशी परतीच्या वाटेवर ते कुणाशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सर लवकर आले. मागच्या भिंतीवर त्यांनी काळ्या रंगाचा हात मारला. रंग वाळला तशी खुर्ची तिकडं नेली. लेकरांना उलट्या दिशेनं तोंड करून बसवलं. मागची ओळ पुढं आली.

आठ-दहा दिवस गेले. पुढं आलेली लेकरं आता सरांच्या अगदी समोर होती, पण गप्पच होती. सर तोच धडा, तशाच आवाजात शिकवत होते. उत्तरं मागून येत होती. फळा फिरला होता, बाकी काही फिरलं नव्हतं.

सर गुरुजींकडं आले. म्हणाले, "गुरुजी, मी तोंड फिरवलं. तरी ती बोलत नाहीत. खरंच त्यांच्यात काही नाही हो."

गुरुजी म्हणाले, "बसा. औंढ्याची एक गोष्ट त्या दिवशी सांगायची राहिली. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाका कुंभारांनी मडकी ठोकायचं थापटणं घेऊन एकेकाचं डोकं ठोकून बघितलं. सगळे शांत बसले, नामदेव रागावले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं."

सरांनी मान खाली घातली.

"कच्चं तर कच्चं. पण त्यांना कुणी फेकून दिलं नाही. ते गुरू शोधत औंढ्याला आले, विसोबा खेचरांकडं. बघतात तर विसोबा महादेवाच्या पिंडीवर पाय टाकून झोपलेले. नामदेव म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाले, मी म्हातारा माणूस. जिथं देव नाही, तिथं तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलले. पण जिथं ठेवायला जावं, तिथं पिंड उभी. देव नाही अशी जागाच सापडेना."

गुरुजी थोडं थांबले. मग म्हणाले, "सर, ज्याच्यात काही नाही असं एक लेकरू मला दाखवा. पण दाखवायच्या आधी नीट शोधून बघा."

दुसऱ्या दिवशी सरांनी पुस्तक टेबलावरच ठेवलं. खडू घेतला नाही. ते सतरंजीवर त्या पोराच्या शेजारी मांडी घालून बसले. पोरगा सरकून अंग चोरून बसला.

"फडावर असताना तू दिवसभर काय करायचास?" सरांनी विचारलं.

पोरगा बोलला नाही. सर थांबून राहिले. दुसऱ्या कुणाला त्यांनी विचारलं नाही. बऱ्याच वेळानं तो हळूच म्हणाला, "वाढं इकायचो."

"वाढं?"

"उसाचे शेंडे. याडी, आई, पेंड्या बांधायची. मी रोडवर बसून इकायचो. ढोरांसाठी नेतात लोक."

"कशी द्यायचास पेंडी?"

"पाच रुपयाला एक."

सरांनी जरा विचार केला. "समज, गिऱ्हाइकानं दीडशे रुपये दिले आणि सव्वीस पेंड्या घेतल्या. तर?"

मागं गेलेल्या हुशार पोरांनी वह्या उघडल्या. पेन्सिली चालू लागल्या. पोरगा लगेच म्हणाला, "वीस रुपये वापस. पण वापस द्यायचेच नाहीत. आणखी चार पेंड्या घेऊन जा, म्हणायचं. सांजेला वाढं सुकतं. मग कोण घेतं?"

सर त्याच्याकडं बघतच राहिले. वर्गात कुणी हसलं नाही. एका पोरानं तर वहीतलं गणित पुन्हा तपासून पाहिलं आणि म्हणाला, "बरोबर आहे, सर."

मग सर पुढच्या मुलीकडं वळले. "तुला काय येतं?"

"मला काहीच येत नाही," ती म्हणाली.

"तुमच्या घरी हळद असते ना? हळद शिजली हे कसं कळतं?"

"काडी टोचायची. सरळ आत गेली की शिजली," ती म्हणाली. मग तिला आणखी सुचत गेलं. कढई, जाळ, वाळवण, वसमतच्या बाजारातला भाव. तिचं बोलणं संपेना.

त्या महिन्यात सरांनी पुस्तक सोडलं नाही, पण गणितं बदलली. भागाकार वाढ्याच्या पेंड्यांचा झाला. वजन-मापं हळदीच्या पोत्यांवर आणि कापसाच्या वेचणीवर आली. निबंधाला विषय दिला 'आमची कोपी'. पोरानं चार ओळी लिहिल्या. दोन शब्द गोरमाटी होते. सरांनी त्यांच्यावर लाल रेघ मारली नाही. शेजारी मराठी शब्द लिहून दिले आणि ते दोन शब्द स्वतःच्या वहीत उतरवून घेतले.

दिवाळी झाली. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली होती. तांड्यावर ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. पोरगा बापाला म्हणाला, "मी आजीपाशी राहतो. गावात हंगामी वसतिगृह आहे, जेवण मिळतं. शाळा बुडवत नाही." बहिणीचं कसं करायचं, हा प्रश्न होताच. शेवटी आजी म्हणाली, "तिलाही राहू द्या." ट्रॅक्टर दोन लेकरं कमी घेऊन गेला.

वर्षाच्या शेवटी तो पोरगा पहिला आला नाही. दहावा-बारावा आला असेल. पण तो बोलायला लागला होता आणि चुकलं तर पुन्हा विचारायला लागला होता. पुढच्या जूनमध्ये सरांनी नव्या वर्गाची तोंडी परीक्षा घेतली, तेव्हा प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "तुला काय येतं, ते मला सांग." उत्तरं लिहायला त्यांना वही पुरली नाही.

शिकवायच्या पद्धती पुष्कळ आहेत. प्रशिक्षणं होतात, पुस्तकं बदलतात, फळ्याच्या जागी पडदा येतो. पण या सगळ्याच्या आधी शिक्षकाच्या मनात एक गोष्ट ठरलेली असते. समोरच्या लेकराजवळ काही आहे, की नाही? नाही असं एकदा मानलं, की शोधायचे कष्ट वाचतात आणि मागची ओळ मागंच राहते. आहे असं मानलं, की उठून लेकराजवळ जावं लागतं, खाली बसावं लागतं, उत्तराची वाट बघावी लागते. विसोबांनी नामदेवांना जे शिकवलं, ते प्रत्येक शिक्षकाला आपापल्या वर्गात पुन्हा शिकावं लागतं. आणि ते न शिकता नुसतं तोंड फिरवलं, तर फिरते ती खुर्ची. शाळा फिरत नाही.