न दिसणारा दोष आणि पुराव्याचा भार

अलीकडे पेढ्यांचे हिशेब, रुग्णालयांच्या नोंदी, दुकानांचीं खातीं हें सर्व 'क्लाऊड'वर ठेवण्याचा प्रघात पडला आहे. नांव मेघाचें, पण वस्तु जमिनीवरचीच : दूरच्या कोणा इमारतींतील भाड्याचीं संगणकयंत्रें. तेथील डेटाबेसांत कधीं कधीं असा दोष उद्भवतो, कीं हजारों व्यवहार निर्वेध होतात व एखादाच अडतो. आणि तपासणारा येऊन पाहतो तों सर्व सुरळीत. दोन व्यवहार परस्परांची वाट पाहत अडून बसलेले असतात, ऐन गर्दींत जोडण्यांची ठराविक संख्या संपलेली असते, किंवा मुख्य यंत्र पडल्यावर दुसरें त्याची जागा घेईपर्यंत मध्यें कांहीं क्षण गेलेले असतात. गर्दी ओसरली कीं तिजबरोबर पुरावाही ओसरतो. जिम ग्रे यांनीं १९८५ च्या आपल्या निबंधांत, शोधूं जातां लपणाऱ्या अशा दोषांस 'हायझेनबग' हें नांव वापरलें, आणि काम नव्यानें करून पाहिल्यास तें बहुधा पार पडतें असें दाखविलें.

परंतु 'पुन्हां करा' हा उपाय निरुपद्रवी नव्हे. प्रत्येक व्यवहारावर त्याची स्वतंत्र खूण नसेल, तर यंत्रास पहिली मागणी व तिचीच पुनरुक्ति यांतील भेद कळत नाहीं. ब्रिटिश पोस्टाच्या 'होरायझन' हिशेबपद्धतींत २०१५ सालीं स्कॉटलंडमधील डॅल्मेलिंग्टन येथें हेंच घडलें. पडदा थिजला म्हणून पोस्टमास्तरीणबाईंनीं कळ पुनःपुन्हां दाबली. ८,००० पौंडांची एकच रक्कम चारदां नोंदली गेली, व कागदोपत्रीं २४,००० पौंडांची तूट उभी राहिली. तेथें गोष्ट उघडकीस आली, एवढेंच.

जो दोष दाखवितां येत नाहीं, तो नाहींच असें मानण्याचा अधिकार आपणांस आहे काय? १९९९ ते २०१५ या काळांत अशा तुटींच्या आरोपावरून नऊशेंहून अधिक पोस्टचालक दोषी ठरले. कित्येक तुरुंगांत गेले. इंग्लंडच्या १९८४ च्या कायद्यान्वयें, यंत्र ठीक चालत होतें हें संगणकाचा पुरावा देणारासच सिद्ध करावें लागे. १९९९ च्या कायद्यानें ती अट काढली, आणि यंत्र ठीकच आहे असें गृहीत धरलें जाऊं लागलें. उलट सिद्ध करावयाचें तें आरोपीनें. पण त्यासाठीं लागणाऱ्या नोंदी आरोप करणाराच्या कपाटांत! न्यायालयानें त्या पद्धतींतील दोष २०१९ सालीं मान्य केले. शेंकडों दोषसिद्धि रद्द होण्यास २०२४ चा कायदा यावा लागला.

यावर कोणी म्हणेल, कीं 'यंत्र चुकलें' ही सबब प्रत्येकाची ऐकिली तर कोणत्याही अफरातफरीस शासन होणार नाहीं. आक्षेप पोकळ नाहीं. नित्याच्या व्यापारांत यंत्रावर विश्वास टाकावाच लागतो. प्रत्येक पावती तपासत बसलें तर दुकान चालावयाचें नाहीं. परंतु देवघेवीस पुरणारा विश्वास मनुष्यास बंदिवासांत धाडण्यासही पुरतो, असें मानणें ही बुद्धीची आळशी सवय होय. ज्याच्या हातीं नोंदी त्याच्यावर पुराव्याचा भार, हा नियम मला अधिक न्याय्य वाटतो.

तंत्रज्ञाचाही यांत वांटा आहे. यंत्र नव्यानें सुरू केलें, तक्रार थांबली, आणि दप्तरांत 'दोष निवारला' असा शेरा पडला. वस्तुतः त्यानें पाहिलेलें असतें तें एवढेंच, कीं दोष आतां दिसत नाहीं. हाच शेरा पुढें कोणाविरुद्ध साक्षीस उभा राहूं शकतो. शिवाय नोंदी सांठविण्यास पैसा पडतो. म्हणून पुष्कळ ठिकाणीं ठराविक मुदतीनंतर त्या आपोआप पुसल्या जातात, आणि हिशेबाची तूट कित्येकदां त्यानंतरच कोणाच्या तरी नजरेस येते.