शपथेच्या आधी

चि. भाचीस,


२६ जूनचा अमली पदार्थविरोधी दिन यंदा तुझ्या गळ्यात पडला आणि 'मुलांना सहभागी करून घ्या' अशी मुख्याध्यापकांची सूचना आहे, असं तू लिहिलंस. त्याच दिवशी शाहू महाराजांची जयंती. म्हणजे भाषणं दुप्पट, मुलं ताटकळलेली आणि शेवटी हात पुढे करून शपथ. याला सहभाग म्हणायचं तर तो दरवर्षी होतोच.

आपल्या गडचिरोलीत दारूबंदी १९९३ पासून आहे. तरी मोहाचा सडवा कुठे टाकतात, पोलिसांची गाडी दिसली की डबक्या कुठे दडवतात, हे तुझ्या सहावीतल्या पोरांना तुझ्यापेक्षा नीट ठाऊक असेल. खर्र्याचं तर विचारूच नको. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून बापासाठी खर्रा घोटून देणं हे कित्येक घरांत पोरांचंच काम. 'तंबाखू वाईट' हे त्यांना पाठ आहे, पुडीवरच्या चित्रासकट.

म्हणून तू कमी बोल, त्यांना बोलू दे. मात्र 'कोणाच्या घरी पितात, हात वर करा' हे चुकूनही विचारू नकोस. हात वर करणारी पोरगी संध्याकाळी त्याच घरी जाते. निनावी चिठ्ठ्यांवरही भिस्त नको. लहान वर्गात अक्षर तूही ओळखतेस आणि शेजारचा पोरगाही. प्रश्न त्रयस्थ ठेव: गावातल्या पोराला पहिला खर्रा कोण देतं? मोठा भाऊ, कबड्डीतला दोस्त, लग्नाचा मांडव, अशी उत्तरं आपोआप येतील. मग तो प्रसंग त्यांनाच उभा करू दे. एकानं म्हणायचं, 'खाऊन पाय ना बे, काही नाही होत.' दुसऱ्यानं सुटून दाखवायचं. 'माय तोंडाचा वास घेते', 'उद्या मॅच हाय' अशा ज्या पळवाटा पोरं काढतील, त्या आपल्या बाणेदार नकारापेक्षा जास्त कामी येतात. मध्येच सुविचार घालायचा मोह आवर.

गणिताच्या तासाला टेप घेऊन बाहेर पडा. कोटपा कायद्याप्रमाणे शाळेपासून शंभर यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटरांत, तंबाखू विकता येत नाही. पोरांनी अंतर मोजावं, टपऱ्यांसह नकाशा काढावा. तो घेऊन टपरीवाल्याशी हुज्जत घालायला मात्र त्यांना धाडू नकोस. ते शाळा व्यवस्थापन समितीचं आणि ग्रामपंचायतीचं काम. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ खाली मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हेही टपरीवाल्याला मोठ्यांनीच ऐकवावं.

डॉक्टर येणार असतील तर कॅन्सरच्या फोटोंऐवजी एवढंच दाखवायला सांग: तोंड पूर्ण उघडून आपलीच तीन बोटं उभी आत जातात का. सुपारीनं गालाची आतली कातडी ताठरते, मग बोटं अडतात. हे पोरांनी घरी आरशासमोर करावं. वर्गात केलं तर कोणाचं तोंड उघडत नाही ते सगळ्यांना कळेल आणि त्याला जन्मभराचं टोपणनाव मिळेल.

कार्यक्रमानंतर एखादं लेकरू एकटं तुझ्याजवळ येईल. ऐकून घे, पण 'कोणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नकोस. घरात मारहाण असेल तर तुला सांगावंच लागेल. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेव.

आणि एक काम २६ तारखेच्या आधीच उरक. मधल्या सुट्टीत एखादे सर पोराला खर्रा आणायला टपरीवर पिटाळत असतील तर ते बंद कर. ते वयानं, नोकरीनं कितीही मोठे असोत. शपथ पहिल्यांदा त्यांनाच घ्यायला लाव.

तुझी,
मावशी