दिव्याखाली अंधार

जालन्यात माझं विजेच्या सामानाचं छोटं दुकान आहे. आबा सकाळपासून दुकानात स्टुलावर बसतात, मांडीवर जुना ट्रान्झिस्टर. आवाज एवढा मोठा, की गिऱ्हाइकाशी बोलायचं तर मला ओरडावं लागायचं. "आबा, जरा कमी करा," असं मी रोज म्हणायचो. ते म्हणायचे, "अरे, तुझा तो नवा बल्ब लागला की ह्याचा गळा बसतो. घुरघुर नुसती. मोठा केल्याशिवाय बातम्या ऐकू येत नाहीत."

मी ते कधी मनावर घेतलं नाही. आबांची ऐंशी उलटलेली, रेडिओही त्यांच्यासारखाच थकलेला. दोष तिथेच असणार, असं मी ठरवून टाकलं होतं.

बहिणीचा मुलगा गोव्यात शिडाच्या होडीवर काम करतो. जालन्यापासून समुद्र साडेतीनशे-चारशे किलोमीटर, पण ह्याला वेड दर्याचंच. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय, आणि त्यांची 'म्हादेई' गोव्यातच बांधलेली. ही गोष्ट त्याने मला किती वेळा सांगितली असेल! दिवाळीत आला तेव्हा म्हणाला, "मामा, डोलकाठीच्या टोकावरच्या दिव्यासाठी एलईडी द्या ना. जुना बल्ब पंचवीस वॅटचा, बारा व्होल्टवर दोन अँपिअर ओढतो. रात्रभर जळला की सकाळी बॅटरी बसलेली."

शिडाची होडी वाऱ्यावर चालते, इंजिन बंद असतं. त्यामुळे प्रत्येक अँपिअर मोजून वापरावा लागतो. मी त्याला तीन वॅटचा दिवा करून दिला. त्यातला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, स्वस्तातल्या लॉटमधला होता. त्याच लॉटचे बल्ब मी गावभर विकत होतो.

महिनाभराने पहाटे त्याचा फोन आला. मालवणला निघाले होते. वेंगुर्ल्याच्या खडकांच्या बाहेरून जाताना मध्यरात्र उलटलेली. होडीवर एआयएस असतं. आसपासची जहाजं आपलं नाव, जागा, वेग आणि दिशा रेडिओवरून सांगत राहतात आणि ती पडद्यावर ठिपक्यांसारखी दिसतात. त्या रात्री पडदा कोरा होता. समुद्र मोकळा आहे असं समजून हे निवांत. एवढ्यात भाच्याला समोर एक तांबडा आणि एक हिरवा दिवा दिसला, दोन्ही एकदम. जहाजाच्या डाव्या अंगाला तांबडा असतो, उजव्या अंगाला हिरवा. दोन्ही एकत्र दिसले, याचा अर्थ ते सरळ आपल्यावरच येतंय.

"मग?" माझा आवाज फुटेना.

"इंजिन सुरू केलं, मामा. इंजिनवर चालताना डोलकाठीवरचा तो दिवा लावून चालत नाही, खालचे दिवे लावायचे असतात. म्हणून वरचा बंद केला. आणि त्याच क्षणी पडद्यावर चार जहाजं उगवली. रेडिओवर एक माणूस आम्हालाच हाका मारत होता, किती वेळचा कुणास ठाऊक. त्याने जहाज वळवलं, आम्ही होडी वळवली. नंतर वरचा दिवा मुद्दाम लावून पाहिला. पडदा पुन्हा कोरा."

तो मला एक शब्दही टोचून बोलला नाही. मीच म्हणालो, "एखादी वायर ढिली असेल, अँटेना बघून घे." फोन ठेवला आणि माझं लक्ष आबांच्या रिकाम्या स्टुलाकडे गेलं.

ट्रान्झिस्टर उचलला, आकाशवाणी लावली. त्याच लॉटमधला बल्ब शेजारी पेटवला. निवेदिकेचा आवाज घुरघुरीत बुडून गेला. बंद केला, आवाज स्वच्छ आला. पुन्हा पेटवला. आबा दोन वर्षं हेच सांगत होते.

एलईडीचा ड्रायव्हर वीज सलग देत नाही, सेकंदाला हजारो-लाखो वेळा चालू-बंद करतो. त्याला नीट गाळणी नसेल तर ही उघडझाप वायरीतून रेडिओलहरी होऊन बाहेर पडते. एआयएस चालतं १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास, हाका मारायचं १६ नंबरचं चॅनेल १५६.८ वर. होडीवर या दोन्हींची अँटेनाही डोलकाठीच्या टोकावरच, दिव्याला अगदी खेटून. दुसऱ्याने आपल्याला पाहावं म्हणून लावलेला दिवा आपल्यालाच बहिरं करत होता. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने ऑगस्ट २०१८ मध्ये नेमका हाच इशारा दिला होता. त्याच्या आधी, २००१ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग बंदरात जीपीएस चालेनासं झालं होतं. कारण निघालं काही होड्यांवरच्या टीव्ही अँटेनांचे अँप्लिफायर. मालकांना त्याचा पत्ताही नव्हता. टीव्ही छान दिसत होता, मग शंका तरी कशी यावी?

जालन्याजवळ इंदेवाडीला केंद्र सरकारचं भू-केंद्र आहे. कोण कुणाच्या लहरीत घुसतंय, हे उपग्रहांच्या संदेशांवर कान ठेवून तिथे शोधतात. एवढं कान देणारं केंद्र माझ्याच गावाजवळ, आणि मला घरातल्या माणसाचं ऐकू आलं नाही.

भाच्याला रेडिओतला गोंधळ तपासून प्रमाणित केलेला जहाजी दिवा विकत घेऊन पाठवला. सांगितलं, "बसवल्यावर रेडिओ रिकाम्या चॅनेलवर ठेव, खरखर जेमतेम थांबेल इतका स्क्वेल्च लाव, मग दिवा पेटव. खरखर परत आली तर तो दिवा समुद्रात नेऊ नकोस." मग वही काढली आणि त्या लॉटचे बल्ब ज्यांना विकले होते, त्या सगळ्यांना फोन करत बसलो. बरेच जण म्हणाले, "अहो, चांगला चाललाय की, कशाला बदलता?" तरी बदलून दिले.

दुकानातले शेवटी बदलले. आबा आले, स्टुलावर बसले, सवयीने बटण पूर्ण पिळून ट्रान्झिस्टर लावला. बातम्या दुकानभर दणाणल्या. आबा दचकले. वरच्या नव्या दिव्याकडे त्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे.

"आबा, चुकलं माझं," मी म्हणालो.

त्यांनी बटणावर बोट ठेवलं आणि आवाज कमी केला.