सराव कशास म्हणावे?

ज्या कामाची तयारी केलेली नाही ते काम अंगावर घेणे हा गुण की दोष, हा प्रश्न आमच्यासारख्या अध्यापकाने पन्नाशी उलटल्यावर विचारावा, हे थोडेसे हास्यास्पदच होय. कारण 'आधी तयारी करा' हे एकच वाक्य निरनिराळ्या शब्दांत विद्यार्थ्यांस सांगण्यावर आमचा इतक्या वर्षांचा चरितार्थ चालला आहे. तथापि हा प्रश्न आम्हांस पडला तो ग्रंथालयात नव्हे, तर भर रस्त्यात, पोटरीत गोळा आला असता.

झाले ते असे. बारामती-इंदापूर भागात अलीकडे हिवाळ्यात धावण्याच्या शर्यती होतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका पाच किलोमीटरांच्या शर्यतीत सहकाऱ्यांनी आमचे नाव घातले, आणि आम्हीही 'नको' म्हणालो नाही. हाती तीन आठवडे होते. पहिला बूट पसंत करण्यात गेला. दुसरा उत्तरपत्रिकांनी खाल्ला. तिसऱ्या आठवड्यात 'आता सराव करून काय होणार?' असे आम्ही स्वतःस पटवून दिले. शर्यतीच्या पहाटे छातीवर क्रमांकाचा कागद टाचून आम्ही उभे राहिलो. पहिला किलोमीटर मुलांच्या 'सर, सर' अशा आरोळ्यांवर पार पडला. दुसरा संपता संपता पोटरीने असहकार पुकारला, आणि उरलेली शर्यत आम्ही एका बंद रसवंतीगृहाच्या बाकावर बसून पाहिली.

यात सांगण्यासारखे काही नाही. सांगण्यासारखे आहे ते पुढचे. घरी परतल्यावर, आणि पुढे महिनाभर, आम्ही ही हकीकत ज्याला त्याला सांगत होतो. आणि 'काही सराव नसताना दोन किलोमीटर धावलो' हे शब्द आमच्या तोंडून खेदाने नव्हे, तर काहीशा अभिमानाने बाहेर पडत होते. जणू सराव केला असता तर पहिला क्रमांक आमचाच होता! अखेर आमच्या सौभाग्यवतींनी एकदा पाहुण्यांसमक्षच विचारले, "सराव नव्हता हे खरे; पण करायला कोणी अडवले होते?"

या प्रश्नाने आम्हांस त्याच बारामतीतील दुसरी एक धाव आठवली. वाचकांपैकी पुष्कळांस ती ठाऊक असेल. सन २०१३-१४ च्या सुमारास तेथील शर्यतीत, ज्येष्ठांच्या गटात, लता भगवान करे नावाच्या साठी उलटलेल्या बाई उतरल्या. कुटुंब मूळचे बुलढाणा जिल्ह्यातले, पोटासाठी बारामतीच्या आसमंतात येऊन राहिलेले, हातावर पोट, पती आजारी, आणि त्यांच्या तपासणीसाठी पैसा नाही. सुमारे तीन किलोमीटरांच्या त्या शर्यतीत पहिल्या येणारास काही हजारांचे रोख बक्षीस होते. लताबाई नऊवारी लुगड्यात, अनवाणी पायांनी धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढील वर्षीही त्यांनी ती शर्यत जिंकली. नवीन देशबोईना या दिग्दर्शकाने २०२० साली त्यांच्यावर चित्रपट काढला. त्यात लताबाईंचे काम स्वतः लताबाईंनीच केले. ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला.

ही हकीकत आम्ही एकदा नीतिशास्त्राच्या तासाला सांगितली. मुले गंभीर झाली, एकदोघींचे डोळे पाणावले, आणि आमचा तास यशस्वी झाला असे आम्हांस वाटू लागले. इतक्यात मागच्या बाकावरील एकाने विचारले, "सर, बक्षीस नसते तर त्या धावल्या असत्या का?"

नसत्याच धावल्या. आणि तसा दावा त्यांनी कधी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पण मग त्या धावण्याचे मोल उणावते काय? कृतीचे नैतिक मूल्य तिच्या फळात नसून कर्तव्यबुद्धीत असते, असे कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने सांगितले, आणि आम्ही ते दरवर्षी शिकवतो. त्याच्या कसोटीसही ती धाव उतरते, असे आमचे मत आहे. कारण बक्षिसाची रक्कम हे तेथे फळ नव्हतेच. ते साधन होते, आणि त्यामागे एक निःसंदिग्ध कर्तव्य उभे होते. उलट, ज्याला बक्षिसाची इच्छा नव्हती, जो केवळ हौसेने धावला, त्या आमच्या हेतूची झडती घेतली तर तिच्यात नव्या बुटांखेरीज फारसे काही सापडावयाचे नाही.

हौस श्रेष्ठ आणि मोबदला हीन, ही समजूत आपण इंग्रजी शिक्षणाबरोबर उचलली. तिचे मूळ पाहण्यासारखे आहे. हेन्ले येथील प्रसिद्ध नौकाशर्यतीसाठी १८७९ साली 'हौशी' कोण याची व्याख्या ठरली, तीत धंदा म्हणून कारागिरी किंवा मजुरी करणारास वगळले होते. त्याने शर्यतीसाठी छदाम घेतलेला नसला तरीही! जिम थॉर्प या अमेरिकेतील आदिवासी कुळात जन्मलेल्या खेळाडूने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळवली. पूर्वी बेसबॉल खेळून थोडे पैसे घेतले होते एवढ्यासाठी ती पुढल्याच वर्षी काढून घेतली गेली. आपली चूक दुरुस्त करण्यास ऑलिंपिक समितीला १९८२ साल उजाडले. तोवर थॉर्प मरून तीस वर्षे होत आली होती. ज्याचे पोट भरलेले आहे त्यालाच निरपेक्ष खेळणे परवडते, ही साधी गोष्ट त्या नियमांनी सद्गुणाच्या वेषात मांडली होती.

परंतु हेन्लेच्या त्या अन्यायी नियमात एक खरी गोष्ट कबूल झालेली आहे, आणि ती आमच्या मूळ प्रश्नाच्या कामाची आहे. मजुराला वगळण्याचे एक समर्थन असे होते की, जो रोज हातांनी कष्ट करतो त्याचे शरीर आधीच कमावलेले असते. सभ्य गृहस्थाची त्याच्याशी बरोबरी व्हावयाची कशी? म्हणजे श्रम हा सराव आहे, हे त्या सभ्य गृहस्थांस पक्के ठाऊक होते. आपण मात्र लताबाईंविषयी बोलताना 'काहीही सराव नसताना' असे म्हणतो. शेतात दिवसभर वाकून केलेली खुरपणी, डोक्यावरचे भारे, कामावर जाण्यायेण्याची पायपीट, हे सगळे आयुष्यभर झाले. त्याची नोंद कोणी वहीत ठेवली नाही, म्हणून ते आपल्या हिशेबी शून्य.

पुण्यास हे एका माणसाने शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत सर दोराबजी टाटा यांनी अनवाणी धावणारे शेतकरी पाहिले, त्यांच्या धावण्याच्या वेळा पाहिल्या, आणि हिंदी खेळाडूंस ऑलिंपिकला पाठवण्याचे मनावर घेतले. १९२० साली अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये बेळगावकडील फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले. आणि इतके दूर तरी कशास जावे? तुकोबांची पालखी दरवर्षी बारामतीवरून काटेवाडी, बेलवाडी, निमगाव केतकी करीत इंदापुरास येते. बेलवाडीच्या आणि इंदापूरच्या रिंगणात डोईवर तुळस घेतलेल्या, नातवंडे असलेल्या बाया धावतात. देहूहून इतक्या मजला चालत आल्यावर धावतात. त्यांस कोणी शिक्षक नसतो, आणि 'सराव नसताना धावलो' असे परतल्यावर सांगणारी वारकरीण आम्हांस भेटलेली नाही.

येथे थांबलो असतो तर हा निबंध आम्हांस स्वतःला फार आवडला असता. पण श्रमास सराव म्हणणे हे अर्धेच सत्य आहे. सरावात मोजमाप असते, विसावा असतो, वेळेवर अन्न असते. आज इतके, उद्या थोडे अधिक, परवा सुट्टी. श्रमात यांपैकी काही नसते. नीरेच्या कालव्यावरील उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या बाईस 'आज पोटरी दुखते, उद्या येईन' असे म्हणता येत नाही. तेच कष्ट एखादीस काटक बनवतात आणि दुसरीचे गुडघे चाळिशीतच निकामी करतात. ती दुसरी शर्यतीच्या रस्त्यावर दिसत नाही, म्हणून तिच्यावर चित्रपट निघत नाही.

आणि खरे टोचते ते याच्याही पुढे आहे. लताबाई दुसऱ्या आल्या असत्या तर? धाव तीच, जिद्द तीच, पाय तेच. फक्त कोणीतरी दोन पावले पुढे असते. मग त्या तपासणीचे काय झाले असते? एका माणसाचे औषधपाणी त्याच्या म्हाताऱ्या बायकोच्या पहिल्या क्रमांकावर अवलंबून राहते, या गोष्टीस आपण 'प्रेरणादायी' म्हणतो आणि टाळ्या वाजवतो. आम्हीही वर्गात तेच केले. त्या शर्यतीत दुसऱ्या कोण आल्या, त्यांच्या घरी कोणी आजारी होते की काय, हे विचारावे असे ना आम्हांस सुचले ना मुलांस. टाळ्यांचा हा एक मोठा उपयोग आहे. त्यांच्या आवाजात असले प्रश्न ऐकू येत नाहीत.

मग काय कीव करावी? तेही आम्हांस पटत नाही. कीव करणाराने त्या बाईंची मुख्य गोष्टच पाहिलेली नसते. त्यांनी हात पसरला नाही. आपल्यापाशी काय आहे याचा त्यांनी हिशेब केला. पैसा नाही, पत नाही, पण पाय आहेत, आणि तीन किलोमीटर ते नेतील. तो हिशेब बरोबर निघाला. आमच्या पायांचा आमचा हिशेब दोन किलोमीटरांतच चुकला होता, हे आम्ही विसरलेलो नाही. आदर करावयाचा तर त्या अचूक आत्मपरीक्षणाचा करावा, असे आम्ही त्या मागच्या बाकावरील विद्यार्थ्यास सांगितले. "आणि तपासणीचे पैसे, सर?" त्याने विचारले. तास संपल्याची घंटा झाली होती. पुढील तासास आम्ही पुन्हा त्याच जागेपासून आरंभ केला, आणि तो विषय अजून आमच्या वर्गात संपलेला नाही.

यंदा आम्ही पुन्हा नाव घातले आहे, आणि या खेपेस दोन महिने आधीपासून पहाटे कालव्याच्या रस्त्याने चालावयास जातो. त्याच वेळी फडाकडे निघालेल्या बायका मागून येतात आणि बोलत बोलत पुढे निघून जातात. परवा त्यांतील एका वयस्क बाईने चालता चालताच विचारले, "मास्तर, रोज कुठं निघता वो?"

"कुठे नाही. सराव करतो," आम्ही म्हणालो.

"कशाचा?"

दम लागल्यामुळे उत्तरास थोडा विलंब झाला. तेवढ्यात त्या बाई पुढच्या वळणापाशी पोहोचल्या होत्या.