स्पर्श कुणाला कळतो?
वाशीमहून शिरपूरला जाताना एस.टी.त कानातल्या हेडफोनला बोट टेकवलं, स्तवन थांबलं. दाबायला बटणच नव्हतं. आपलं शरीर वीजवाहक असल्यानं बोटाजवळचा विद्युतभार किंचित बदलतो, तेवढं त्याला पुरतं. जाड हातमोजा घातला तर बोट कळत नाही. पाण्याचा थेंब मात्र कधी बोटासारखा वाटतो.

जैन दर्शनात इंद्रियांची मोजणी स्पर्शापासून होते. झाड, पाणी, माती यांना तेवढं एकच इंद्रिय, तरी ते जीव. मग हे यंत्र? ते स्पर्श टिपतं, पण त्याला वेदना नाही. मला वाटतं, जीव वेदनेपाशी सुरू होतो.

शिरपूरच्या मंदिरातली अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, ही आमच्या आजीची श्रद्धा. पायरीशी हेडफोन पिशवीत ठेवला, हात जोडले. बोटांना बोटांची ऊब लागली.